लमारोच्या खुर्चीचा सूड

मित्रांनो, मी गुलू गावातली एक जुनी, चाकांची खुर्ची आहे. म्हातारपणी मन मोठं होतं म्हणतात. माझं झालं नाही.

वेल्डर ओकोटने मोडक्या सायकलची चाकं आणि चार फळ्या जोडून मला घडवलं, ते सात वर्षांच्या लमारोसाठी. तिचे हातपाय तिचं ऐकत नसत. मान लटपटे, तोंडून शब्द फुटत नसे. पण तिला सारं कळे. डोळे वर केले की 'हो', मिटले की 'नाही'. तिची आई अचिरो बाजारात तीळ विकायची. मी घरी आले त्याच आठवड्यात ती लेकीला म्हणाली, "चल, आता शाळा!"

जवळच्या शाळेच्या फाटकातच हेडमास्तर ओजारांनी माझ्या चाकापुढे बूट आडवा घातला. "लमारोची आई, इथे पोरं शिकतात. या गाठोड्याला काय शिकवू? घरी ने, ऊन दाखव, पुरे झालं."

गाठोडं! मी तो बूट नीट पाहून ठेवला.

दुसरी शाळा बहिऱ्या मुलांची, पण तिथे चालता येणारीच मुलं घेत. तिसरीने आम्हाला घेतलं. एका दुपारी अचिरो लवकर आली, तर आम्ही झाडू-बादल्यांच्या खोलीत. लमारोच्या पायांना मुंग्या डसलेल्या. एकेक मुंगी काढत अचिरो म्हणाली, "पोरी, मी यांना सोडणार नाही." मीही मनात तेच म्हटलं.

त्यानंतर लमारो घरीच राहिली. दोन वर्षांनी ओजारांच्या शाळेत शिक्षण खात्याच्या बाई आल्या. आंब्याखाली सभा भरली. ओजारा छाती काढून म्हणाले, "आमच्या दारातून एकही लेकरू परत गेलेलं नाही."

अचिरोने मला गर्दीतून पुढे रेटलं. वाटेत तो बूट आला. तिने मला वळवलं नाही, आणि मीही होते तेवढी जड झाले.

"आईगं! अहो बाई, हिला काय कळतंय?" ओजारा पाय धरून ओरडले.

बाई खाली बसल्या. अचिरोने त्यांना डोळ्यांची खूण सांगितली. "तुझं नाव लमारो?" डोळे वर. "तू मुलगा आहेस?" डोळे मिटले. "या मास्तरांनी तुला परत पाठवलं?"

लमारोचे डोळे वर गेले आणि तिथेच राहिले. त्या दिवशी फाटकाशी उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुमचं गाठोडं बोललं हो!"

ओजारांची हेडमास्तरकी गेली. गाव सोडण्याआधी ते आमच्या अंगणात आले. अचिरोने बसायला पाटसुद्धा दिला नाही.

"लमारोची आई, झालं गेलं सोडून दे."

"तिला विचारा, मास्तर."

लमारोने डोळे घट्ट मिटले. मित्रांनो, तेव्हा माझा आरा न् आरा सुखावला.

पुढे त्या बाईंनीच लाबोल शिक्षिकेची शाळा दाखवली. पाच मैल लांब, वर्गात अठ्ठावीस मुलं. लाबोलबाईंनी डोळ्यांची भाषा आधी स्वतः शिकून घेतली, मग वर्गाला शिकवली. लमारो आता वाचते. तिला मोठी खुर्ची मिळाली. माझ्यावर कोंबडी अंडी घालते.

सूड गोड लागतो, खोटं का बोलू? पण लमारोची ती दोन वर्षं मला कोणी परत आणून दिली नाहीत. मला तेलपाणी नको, रंग नको. तुमच्या शाळेच्या फाटकात माझ्यासारखी एखादी खुर्ची आली, तर पाय आडवा घालू नका. वाकून आधी त्या लेकराला त्याचं नाव विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.