झिजलेल्या डोक्याचा स्क्रू

पेचकस पुन्हा सटकला आणि सिस्टरच्या अंगठ्याला घासून गेला.

“लागलं?” पायरीवर वाटाणे सोलत बसलेल्या नवऱ्याने विचारलं.

“नाही.”

“रक्त येतंय.”

“येऊ दे. थांबेल ते.”

तिने अंगठा पदराला पुसला आणि मोटारसायकलच्या बाजूचं पॅनेल पुन्हा न्याहाळलं. दोन स्क्रू सहज निघाले होते. तिसऱ्याच्या डोक्यावरची फुली पार झिजून गुळगुळीत झाली होती. कुणीतरी भलत्याच मापाचा पेचकस घालून, सगळा जोर लावून तो आवळला होता.

“हा मी लावलेला नाही,” ती म्हणाली. “माझ्या हातचा स्क्रू असा नसतो.”

नवऱ्याने एक शेंग दोनदा सोलली.

सिस्टर हे काही तिचं नाव नव्हतं, पण आता नवराही तिला त्याच नावाने हाक मारायचा. सगळी नोकरी तिने सरकारी दवाखान्यात काढली. त्यातली निम्मी वर्षं घरोघर जाऊन बाळंतिणी बघण्यात, जखमा बांधण्यात गेली. त्यासाठीच तिने मोटारसायकल घेतली तेव्हा गल्लीतले पुरुष कोपऱ्यावर उभे राहून हसले होते. पुढे त्यांच्याच सुना अडल्या, तेव्हा त्याच गाडीचा आवाज कधी येतोय म्हणून ते दारात ताटकळले. निवृत्तीनंतरही गाडी थांबली नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला वॉर्डातली जुनी मावशी एकटी राहायची. तिच्या पायाला साखरेची जखम होती, आणि तिचं ड्रेसिंग सिस्टर करायची.

मग एका वळणावर खडीवरून गाडी घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हातात जोर आला, पण गाडी काही सुरू होईना. मुलगा म्हणाला, इंजिनात मोठं काम निघालंय. कोपऱ्यावरचा मेकॅनिक रोज “उद्या बघतो” म्हणायचा. मुलगा दर रविवारी मावशीकडे सोडणार होता. आजही सकाळी केस कापायला निघताना म्हणाला, “आई, पुढच्या रविवारी नक्की.”

तो गेला आणि मावशीचा फोन आला. आता एक पोरगी ड्रेसिंगला येते, पण चिकटलेली पट्टी ओढूनच काढते. सांगता सांगता मावशी रडली. वॉर्डात रात्ररात्र उभी राहूनही जिच्या तोंडून कधी ब्र निघाला नव्हता, ती मावशी.

फोन ठेवून सिस्टर तडक अंगणात आली. किल्ली फिरवली. दिवा लागेना, हॉर्न वाजेना. इंजिन बिघडलं म्हणून हॉर्न कशाला मरेल? म्हणजे फ्यूज उडाला असणार, आणि फ्यूज त्या पॅनेलच्या आत.

“राहू दे ना आता,” नवरा म्हणाला. “मेकॅनिक येईल उद्या.”

“त्याचा उद्या या जन्मात उजाडायचा नाही.”

तिने स्क्रूच्या कडेने तेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत वाट पाहिली. मग पेचकस आणि स्क्रूच्या मध्ये रबराचा तुकडा धरून पाहिला. स्क्रू ढिम्म हलला नाही. पेचकसाच्या मुठीवर हातोडीने हलके ठोके दिले, तेव्हा मनगटातून कळ थेट खांद्यापर्यंत गेली. ती क्षणभर डोळे मिटून बसली.

“सिस्टर, हट्ट सोड.”

“तुम्ही वाटाणे सोडा आणि माळ्यावरचं करवतीचं पातं आणून द्या.”

नवरा उठला. पातं घेऊन आला खरा, पण हातात द्यायला त्याने उगाच वेळ लावला.

“पॅनेलवर ओरखडे येतील,” तो म्हणाला.

“माझ्यावर कमी आलेत?”

तिने पात्याच्या एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि स्क्रूच्या डोक्यावर आडवी खाच पाडायला सुरुवात केली. पातं दोनदा घसरलं, काळ्या प्लास्टिकवर पांढऱ्या रेघा उठल्या. लोखंडाचा चुरा पडत राहिला. खाच पुरेशी खोल झाली तशी तिने सपाट तोंडाचा पेचकस त्यात बसवला, छातीचा भार त्यावर टाकला आणि फिरवला. स्क्रू करकरला. जरासा हलला. मग मात्र मुकाट्याने एकेक आटा सोडत बाहेर आला.

“निघाला!” ती लहान पोरीसारखी ओरडली.

नवऱ्याने मान खाली घातली.

तिने पॅनेल उचललं, फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं. जळका फ्यूज तिला ओळखता आला असता. इथे फ्यूजच नव्हता. जागा स्वच्छ, रिकामी. कुणीतरी तो नीट उपसून काढला होता.

तिने मागे वळून पाहिलं.

“तुम्हाला माहीत होतं.”

“पोराने सांगितलं, आईला बोलू नका.”

“आणि मेकॅनिकला?”

“त्यालाही.”

“म्हणजे सगळ्यांना. मला सोडून सगळ्यांना.”

“तुझ्या काळजीपोटीच ना गं…”

“मी रोज पेशंटला खरं सांगत आले हो. पाय कापायचा असला तरी त्याच्या तोंडावर सांगितलं. मला एवढंसं सांगायला तुमची जीभ झडली?”

नवरा पायरीवरची टरफलं गोळा करायला लागला.

डबीच्या झाकणातच जादा फ्यूज ठेवायची जागा असते. मुलाला ते ठाऊक नव्हतं. तिने तो काढला, बसवला, किल्ली फिरवली. मंद हिरवा दिवा लागला. तिसऱ्या किकेला इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं.

तेवढ्यात फाटकातून मुलगा आत आला. त्याने उघडी गाडी पाहिली, जमिनीवरचं पॅनेल पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

“आई, उतर.”

“बाजूला हो.”

“पुन्हा पडलीस म्हणजे? त्या दिवशी फोन आला तेव्हा माझं काय झालं होतं, तुला काय माहीत!”

“चांगलं माहीत आहे. तू नवी गाडी घेऊन उंडारायचास, तेव्हा मीही खिडकीत उभी असायचे. पण तुझ्या गाडीला मी हात लावला नाही.” ती ओरडत नव्हती, त्यामुळेच त्याला मान वर करता येईना. “भीती वाटली तर माझ्याशी भांड. तोंडावर भांड. पाठीमागे नाही.”

तो बाजूला झाला.

“निदान पॅनेल तरी लाव,” तो पुटपुटला.

“आल्यावर लावेन. नव्या स्क्रूने.”

ड्रेसिंगची पिशवी तिने गळ्यात अडकवली, हेल्मेट घातलं आणि निघाली. एका बाजूने वायरी उघड्या पडलेली ती गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली आणि ऐन मोठ्या रस्त्यावर वळताना बंद पडली. मागे ट्रक होता. त्याने कर्कश हॉर्न दिला.

मुलगा धावत सुटणार, तोच बापाने त्याची बाही पकडली.

“थांब. तिचं ती करेल.”

तिने एक किक मारली. दुसरी मारली. ट्रकवाला पुन्हा हॉर्नवर हात दाबून बसला. सिस्टरने मागे न बघता एक हात वर केला, तळवा उघडा.

हॉर्न थांबला.

मग तिने सावकाश तिसरी किक मारली, दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि वळली.