उजवीकडचा सोन्याचा टाका

“हाजी आगा, हात जरा सैल सोडा.”

“सोडतो. पण मी हाजी नाही.”

डॉक्टर कावियानी सुई हातात धरून थांबला. अहवाज शहरात पांढऱ्या केसांच्या कुठल्याही माणसाला हाजी म्हटलं की तो खूश होतो, असा त्याचा आजवरचा अनुभव होता. “मग काय म्हणू?”

“उस्ता म्हण. जन्मभर चांदी ठोकली आहे.” जहरूनला एका दमात एवढंच बोलता आलं. नाकातल्या नळीतून दोन श्वास ओढून तो पुढे म्हणाला, “मक्केला निघालो तर वाटेत कारून नदी लागते. आम्ही सुब्बी. आम्ही नदीवरच थांबतो.”

उशाशी बसलेल्या त्याच्या बायकोनं, अनहारनं, पांघरूण सारखं केलं. आता पुढचा प्रश्न येणार, हे तिला ठाऊक होतं. तो सगळीकडे येतो. शाळेत येतो, बाजारात येतो, घर भाड्यानं मागायला गेलं तर दारातच येतो.

“सुब्बी म्हणजे नक्की काय हो?” डॉक्टर शिराजकडचा होता. त्याच्या आवाजात खवचटपणा नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. “धर्म आहे, की कशाचा तरी पंथ? आमच्या वसतिगृहात एक जण म्हणायचा, तारे पुजणारे लोक.”

“माझ्या आजोबांना एका गोऱ्या पाद्र्यानं सांगितलं, तुम्ही वाट चुकलेले ख्रिस्ती. मग एक मुल्ला आला. म्हणाला, नाही, हे किताबवाले, यहुद्यांसारखे. त्याच्यामागून दुसरा आला. म्हणाला, छे, हे कुणीच नव्हेत.”

“मग आजोबा काय म्हणाले?”

“ते आमच्या स्नानविधीला कमरेइतक्या पाण्यात उभे. थंडीनं दात वाजतायत. म्हणाले, तुमचं काय ते ठरवा, तोवर माझा कोरडा सदरा धरा.”

डॉक्टर मोठ्यानं हसला. जहरूनही हसायला गेला, पण त्याचा खोकला झाला आणि तो लवकर थांबेना. चांदीवर काळी नक्षी भरताना गंधकाचा धूर निघतो. तो धूर वर्षानुवर्षं छातीत साठला होता, आणि आता तिथे हवेला जागा उरली नव्हती.

दाराबाहेर येऊन डॉक्टरनं आवाज खाली आणला. “खानम, आता माझ्या हातात फारसं नाही. आज, फार तर उद्या.”

अनहारनं मान हलवली. मग म्हणाली, “मला त्याला नदीच्या पाण्यानं आंघोळ घालायची आहे. आणि आमचा पांढरा पोशाख चढवायचा आहे. जिवंत असताना.”

“नंतर नाही का चालणार?”

“नंतर ते नुसतं कापड. जीव निघताना अंगावर असेल, तरच तो बरोबर घेऊन जातो.”

डॉक्टरनं तिला रुग्णालयाच्या कारभाऱ्यांकडे पाठवलं. कारभाऱ्यांच्या खोलीत पंखा होता, गारवा नव्हता. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, तिला खुर्ची दिली. म्हणाले, “पारशी, यहुदी, ख्रिस्ती. या तिघांची सोय नियमात आहे. तुम्हाला मी कशात घालू?”

“तुम्हीच सांगा.”

“तीच तर अडचण आहे, बाई. धर्म म्हणावं तर नियमात नाव नाही. पंथ म्हणावं तर कशाचा? आज तुम्हाला हो म्हटलं, तर उद्या कुठल्याही बुवाचे चेले बादल्या घेऊन येतील.”

जहरूनचा धाकटा भाऊ सालिम खाली टॅक्सी घेऊन उभा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. “वहिनी, उचलू आणि घरी नेऊ. नदी घरापासून हाकेवर आहे.” पण प्राणवायूची नळी काढली तर उस्ता पुलापलीकडे पोचणार नाहीत, असं डॉक्टरनं बजावलं होतं. इथे ठेवलं तर पोशाख नाही. नेलं तर वाटेतच, टॅक्सीत, अंगात रुग्णालयाचा निळा सदरा. अनहारच्या डोळ्यांपुढून तो निळा सदरा हलेना.

ती वॉर्डात परतली तेव्हा मुख्य नर्स फख्री खानम सलाईनची बाटली बदलत होती. रुंद खांद्यांची, तोंडानं फटकळ. पहिल्या दिवसापासून अनहार थर्मासमधला चहा एका पेल्यात ओतून तिच्यासाठी खिडकीत ठेवत होती. पेला तसाच गार होत होता. सुब्बीच्या हातचं बरेच जण घेत नाहीत. अनहारला त्याचं नवल नव्हतं, आणि तिनं ओतणंही सोडलं नव्हतं. आजचाही पेला खिडकीत होता.

“नाही म्हणाले ना?” फख्री खानमनं बाटलीवरची नजर न काढता विचारलं.

“नाही म्हणाले.”

“त्यांना विचारायला कोणी सांगितलं होतं? संध्याकाळी मी रुग्णांचं अंग पुसते. पडदा ओढते आणि पुसते. रोज. त्याला मी कुणाची परवानगी घेत नाही.”

अनहारनं विचारलं, “आणि पाणी?”

“ते नळाचंच पाहिजे असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. फरशीचा मात्र चिखल करायचा नाही. ती मलाच पुसावी लागते.”

सालिम कॅन घेऊन नदीकडे निघाला. “काठाचं नको, वाहत्या धारेतलं,” अनहार त्याच्यामागून जिना उतरत म्हणाली. “वहिनी, मी काय आज सुब्बी झालोय?” तो म्हणाला.

या कामाला धर्मगुरू लागत नाही. पाणी, पोशाख आणि श्वास चालू असलेला माणूस, एवढं पुरतं. अनहारनं गाठोडं सोडलं. सदरा, विजार, फेटा, लोकरीचा विणलेला पट्टा, लांब उपरणं. सगळं पांढरं, सगळं नवं. आपल्या वस्तीतल्या कितीतरी लोकांचे हे कपडे तिनं शिवले होते. शिवण शिकवताना तिची आई म्हणायची, पहिल्या माणसालाही हाच पोशाख बेतून दिला होता, त्यात बाही कमी-जास्त करायची नाही. लहानपणी तिला ते खरंच वाटायचं. मोठेपणीही कात्री चालवताना कधीकधी हात जड व्हायचा, जणू आपल्या हातावर आणखी कुणाचे तरी हात आहेत, आणि त्यांच्यावर आणखी कुणाचे.

डावीकडे चांदीचा टाका होता. उजवीकडची जागा मोकळी होती. तिथे सोन्याचा टाका लागतो.

तिनं तो घातलाच नव्हता. पोशाख दोन वर्षांपूर्वी तयार झाला, तेव्हापासून. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असलं काम तिनं कधी अर्धवट सोडलं नसतं. एवढा टाका राहिलाय, तोवर पोशाख पुरा नाही, आणि पोशाख पुरा नाही तोवर... हे वाक्य तिनं मनातसुद्धा कधी पूर्ण केलं नव्हतं.

“उस्ता,” ती म्हणाली, “माझं एक काम राहिलंय.”

“ठाऊक आहे.” जहरूनचे डोळे मिटलेले होते. “मी ओढून दिलेली तार तुझ्या सुयांच्या डबीत पडून आहे. बटण लावून घ्यायला आलो की दिसायची.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू टाका घालत नव्हतीस. मग मला जायची घाई काय होती?”

अनहारनं डबी उघडली. तार तळाशी गुंडाळलेली होती, केसाहून बारीक. हीच तार एके काळी बोटाएवढी कांडी होती. पोलादी पट्टीच्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग त्याहून लहान. घाई केली नाही तर सोनं तुटत नाही, नुसतं लांब होत जातं. लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहताना ती चूल विसरली होती. एवढ्याशा कांडीतून एवढी तार निघते, तर ती आधी होती कुठे?

तिनं तारेचं टोक सुईच्या नेढ्याशी नेलं. तार सुईत जाईना. फख्री खानमनं पलंगावरचा दिवा वाकवून धरला. “दे इकडे,” ती म्हणाली, आणि तिलाही जमेना. शेवटी जहरूननं सुई मागितली. थकलेला हात छातीवर टेकवून त्यानं ती धरली. ती मात्र हलली नाही. तार आत गेली.

टाका घालून होतो तोच सालिम आला. कॅनमधलं पाणी गढूळ होतं, गाळ तळाशी बसत होता. त्याच्यामागोमाग डॉक्टर आत आला.

“हे अंगावर ओतणार? यात अख्ख्या शहराचं सांडपाणी आहे, खानम.”

“खरं आहे,” जहरून म्हणाला. “नदीही आजारीच आहे. पण वाहतेय ना.”

डॉक्टरनं यंत्रावरचे आकडे पाहिले. ते सकाळपेक्षा खाली होते. “नळी भिजू देऊ नका,” तो म्हणाला, आणि जाताना पडदा स्वतःच ओढून गेला.

“उत्तर कुठली?” सालिमनं विचारलं. जहरूननं बोटानं समोरची भिंत दाखवली. “दादा, बाहेर ऊन आहे. ध्रुव कुठे दिसला तुला?”

“दिसत नाही म्हणून गेला कुठे?”

फख्री खानमनं पायानं चाकांची खिटी सोडली आणि तिघांनी मिळून पलंग फिरवला. पाय उत्तरेकडे आले, सुब्बी जिकडे तोंड करून प्रार्थना करतात त्या ध्रुवाकडे.

जहरूनच्या मनगटावरच्या पट्टीवर त्याचं आणि बापाचं नाव होतं. अनहारनं ते घेतलं नाही. तिनं त्याचं दुसरं नाव घेतलं, जे फक्त पाण्यापाशी घेतात, आणि पुढे आईचं. “साम, सीमतचा मुलगा.” डोक्यापासून पायापर्यंत पाणी सोडलं. एकदा, दोनदा, तीनदा. कॅनमध्ये बंद होऊन आलेलं पाणी वाहतं, जिवंत म्हणायचं का, ही शंका मघापासून तिला कुरतडत होती. पण ते त्याच्या कपाळावरून, खांद्यांवरून, करड्या केसांच्या छातीवरून उतरू लागलं, आणि तिच्या अंगावर काटा आला. यंत्र टिकटिकत होतं, बाहेर कुणी औषधांची गाडी ढकलत होतं, आणि इथे तेच शब्द होते, तेच पाणी होतं, ज्याला आजवर कुणालाच नाव देता आलेलं नव्हतं. सालिमनं मान खाली घातली. फख्री खानमनं हातातलं फडकं छातीशी धरलं होतं.

अंग टिपून त्यांनी पोशाख चढवला. अनहारनं पट्टा बांधला, उपरणं सारखं केलं. जहरूननं उजवीकडे हात नेऊन टाका चाचपला. कारागिराचं बोट त्यावरून दोनदा फिरलं.

“चहा आहे का?” तो म्हणाला.

“अरे, या कपड्यात?” सालिमला हसू आवरेना.

अनहारनं थर्मासमधला चहा बोटानं त्याच्या ओठांना लावला. “साखर कमी,” जहरून म्हणाला. त्यानंतर तो बोलला नाही. श्वास लांब होत गेले, मधली अंतरं त्याहून लांब. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून विरलं, तेव्हा पुढचा श्वास आला नाही. फख्री खानमनं यंत्राचा आवाज बंद केला.

आणि तिचेच डोळे भरून आले.

“नको, फख्री खानम,” अनहार हलकेच म्हणाली. तिचे स्वतःचे डोळे कोरडे होते. ते कसे कोरडे राहिले, ते तिलाच ठाऊक. “आमच्यात रडत नाहीत. आपल्या आसवांची त्याच्या वाटेत नदी होते. ती ओलांडावी लागते. आणि ह्याला आधीच दम कमी.”

फख्री खानमच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. ती खिडकीकडे वळली, तिथला गार चहाचा पेला उचलला आणि हुंदक्यासकट एका दमात पिऊन टाकला.

मग ती फरशी पुसायला वाकली. पलंगाखालून पाण्याची एक बारीक धार निघाली होती. तिच्याबरोबर थोडा गाळही चालला होता. उतार कळत नव्हता, पण धारेला कळला होता. ती कोपऱ्यातल्या जाळीकडे निघाली होती. त्या जाळीखालची गटारं कुठे जातात, ते अहवाजमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

फख्री खानमनं फडकं मागे घेतलं. धार जाळीत उतरेपर्यंत ती तशीच उकिडवी बसून राहिली.