दाराकडे घे

दगडावर गाडी चढवायची तर आधी वेग विसरावा लागतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, गाडी उभीच आहे. मग त्याच्या लक्षात येतं की मघाशी चाकापुढे दिसणारं गवताचं पातं आता दिसत नाही. इतकं सावकाश. आमच्या गाडीचं नावच कासव. बाबांनी ती गॅरेजमध्ये जोडली होती. चौकट एका जुन्या जीपची, इंजिन दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, डोक्यावर जाड नळ्यांचा पिंजरा, आणि हवा निम्मी सोडलेली चार चाकं. दगडावर बसली की ती मांजराच्या पंजासारखी पसरत.

गाडी मी चालवायचे आणि बाबा पुढे चालायचे. या खेळात पुढे चालून दगड वाचतो त्याला वाटाड्या म्हणतात. वाटाड्या उलटा चालतो, पाठ वाटेकडे आणि तोंड गाडीकडे, हात छातीसमोर धरून एकेक बोट हलवत. गाडी काय, कुणीही चालवेल, बाबा म्हणायचे, दगड वाचता आला पाहिजे. ते गेल्यापासून मला एकच स्वप्न पडत होतं. ते उलटे चालताहेत, मी कासव घेऊन त्यांच्यामागून जातेय, त्यांचे ओठ हलताहेत पण आवाज येत नाही. स्वप्नात भीती अशी नसायची. फक्त पुढे कुठल्या बाजूला घ्यायचं, तेवढं कळायचं नाही.

डावं-उजवं मला जागेपणीही कधी पटकन कळलं नाही. त्यात समोर उभ्या माणसाचं डावं ते आपलं उजवं, म्हणजे तर दुष्काळात तेरावा महिना. म्हणून बाबांनी आमच्यापुरती वेगळी भाषा केली. गॅरेजमध्ये कासव नाक आत करून उभं असायचं. माझ्या डाव्या हाताला हत्यारांची भिंत होती, पाने, हातोड्या, करवती, सगळं खिळ्यांना टांगलेलं. उजव्या हाताला स्वयंपाकघरात उघडणारं दार. तेव्हापासून डावं म्हणजे भिंत आणि उजवं म्हणजे दार. उघड्या माळावर, आजूबाजूला एक झोपडीसुद्धा नसताना, बाबा शांतपणे सांगायचे, "भिंतीकडे घे. अजून जरा. आता दाराकडे." इतर स्पर्धक हसायचे. यांनी डोंगरात घर बांधलंय म्हणायचे.

महिनाअखेरीला आई माझ्याकडे राहायला येणार होती. घर रिकामं होणार होतं आणि कासव वेल्डरकाकांकडे जाणार होतं. काका बाबांचे जुने मित्र, पिंजऱ्याचा प्रत्येक सांधा त्यांच्या हातचा. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथे कासवाचं एक चाकही मावलं नसतं. त्याआधी एकच स्पर्धा उरली होती आणि मला तिथे एकच गोष्ट करायची होती. कासवाला म्हातारीवरून पलीकडे न्यायचं होतं.

म्हातारी म्हणजे स्पर्धेतली शेवटची चढण. पाठीला पोक काढून बसलेल्या बाईसारखा एक प्रचंड करडा दगड, आणि त्याच्या उजव्या अंगाला कमरेपासून खांद्यापर्यंत गेलेली चीर. चिरेत चाक गेलं की गाडी गेली, असं सगळेच मानायचे. आम्ही दरवर्षी डावीकडून जायचो. बाबा "भिंतीकडे, भिंतीकडे" म्हणत राहायचे. त्या बाजूचा दगड आरशासारखा गुळगुळीत होता. चाकं जागच्या जागी फिरायची, वेळ संपायची, शिट्टी व्हायची. मग बाबा म्हातारीच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "येतो आजी. पुढच्या वर्षी."

या वर्षी वाटाड्या वेल्डरकाका होणार होते. स्पर्धा तोंडावर आली आणि गिअरबॉक्स उचलताना त्यांचा खांदा निखळला. हात गळ्यात बांधून ते सांगायला आले. एकट्या माणसाला दगडावर जाऊ देत नाहीत, नियमच आहे. आम्ही दोघं गॅरेजमध्ये कासवाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. आई आत भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. ती तिथूनच म्हणाली, "मी येते."

आई कधी एकदाही दगडांवर आली नव्हती. लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात, हे बापलेक धोंड्याच्या पाया पडायला जातात, असं ती शेजाऱ्यांना सांगायची. काकांनी तिला जरा बिचकतच समजावलं की वहिनी, तिथे नुसतं पुढे चालायचं नसतं, गाडी कलली तर दोर धरून ओढावं लागतं.

"भाऊजी," आई म्हणाली, "तुमच्या मित्राला इतकी वर्षं धरून ठेवलं. गाडीचं काय घेऊन बसलात."

आमची भिंत-दाराची भाषा तिला समजावायला मी तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. आयुष्य गेलं ते ऐकण्यात, म्हणाली. या खोलीतली भिंत कुठली आणि दार कुठलं, हे तू मला सांगणार?

स्पर्धेच्या सकाळी खाली धुकं होतं. जुन्या खाणीच्या तळाशी ते दुधावरच्या सायीसारखं जमलं होतं आणि वर आलेले दगड बेटांसारखे दिसत होते. इंजिनांचे आवाज यायचे पण गाड्या दिसायच्या नाहीत. नावं लिहिणाऱ्या माणसाने आईकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि वाटाड्याच्या जागी बाईमाणसासाठी काय लिहायचं, असं विचारलं. आई म्हणाली, वाट दाखवणाऱ्याला बाई आहे का बुवा, हे वाट विचारत नाही, तुम्ही लिहा. त्याने वाटाडीण लिहिलं. तिच्या पायात बाबांचे बूट होते, आत दोन दोन मोजे घालून. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. तीही बोलली नाही. घरात त्यांच्याविषयी आम्ही अशाच बोलत होतो.

पहिल्या चढणीला ती धुक्यातून माझ्याकडे तोंड करून मागे मागे सरकू लागली आणि मला क्षणभर आपण झोपेत आहोत असं वाटलं. बूट तेच होते, चालणं वेगळं. ओल्या फरशीवरून भरलं पातेलं न्यावं तशी ती चालत होती, टाच टेकवून, दगड चाचपून, मगच भार टाकत. खुणाही तिच्या स्वतःच्या होत्या. पुढे बोलवायची ती जेवायला बोलवल्यासारखी. थांबवायची ती ताटावर आडवा हात धरून पुरे म्हणावं तशी. बाजू दाखवायची तर सरळ हात लांब करायची. शब्दांची गरजच पडली नाही. कासव तिच्या हातांमागून निमूट चालत राहिलं. दगडांची टोकं पुढे यायची, चाकांखाली मऊ व्हायची आणि मागे जायची. किती वेळ गेला ते कळत नव्हतं. घाट चढताना झोपलेलं मूल वर पोचल्यावरच जागं व्हावं, तशी एकेक चढण संपल्यावर मला जाग यायची.

म्हातारीपाशी पोचेतो धुकं विरलं होतं. पंच वरच्या कडेला शिट्टी ओठांत धरून बसला होता. त्याच्या शेजारी वेल्डरकाका, गळ्यात बांधलेल्या हातासकट. आईने दगडाला एक फेरी मारली. चिरेवरून बोट फिरवलं, गुळगुळीत बाजूला तळवा टेकवून पाहिला. मग तिने पिंजऱ्याला बांधलेला दोर घेतला, वर चढली आणि दोन्ही हातांना त्याचे वेढे देऊन उभी राहिली. इथे गाडी इतकी उभी होते की दोर सोडून चालत नाही. आता खुणांना हात उरले नव्हते.

कासवाने पुढची चाकं दगडावर टेकवली. नाक वर वर जात राहिलं. काचेतून आधी म्हातारीची पाठ दिसली, मग आईचे बूट, मग फक्त आकाश. इंजिन अगदी हळू घुमत होतं. मी पाय स्थिर ठेवला आणि वाट पाहिली. त्या स्वप्नात मी अशीच वाट पाहायचे. आणि वरून स्वच्छ आवाज आला.

"दाराकडे घे."

तिथे बाबा कधीही दाराकडे म्हणाले नव्हते. तरी मी विचार केला नाही. आकाशातून तो शब्द आला आणि माझे हात उजवीकडे वळले.

चाक चिरेत गेलं. कासव उजव्या अंगावर बसलं, मागचं डावं चाक दगड सोडून हवेत उचललं गेलं. वर कुणीतरी श्वास आत ओढला. आई पूर्ण मागे रेलून दोरावर लटकली होती. "थांब," ती म्हणाली, मोठ्याने नाही.

मी थांबले. चाक हवेत एकटंच थोडं फिरलं आणि तेही थांबलं.

"मी दाराकडे म्हटलं होतं."

"दाराकडेच घेतलं, आई."

"हे दार?"

"स्वयंपाकघराचं. उजवीकडचं."

"ती तर भिंत." तिच्या आवाजात खरंच नवल होतं. "दार त्या बाजूला. अंगणाचं. तुझे बाबा जायचे ते."

हत्यारांच्या भिंतीत मागच्या अंगणात उघडणारं एक बारकं दार होतं. आम्ही त्याला दार धरलंच नव्हतं, त्याच्यावर करवती टांगलेल्या असायच्या. पण आई आपल्या उंबऱ्यात उभी राहिली की समोर तिला तेच दिसायचं. शनिवारी पहाटे बाबा त्यातूनच निघून जायचे. आणि तिची भिंत म्हणजे स्वयंपाकघराची, जिच्यापलीकडे ते असायचे. जेवण झालं की त्या भिंतीवर ती दोनदा टकटक करायची.

"म्हणजे तुम्ही दार म्हणायचात," ती सावकाश म्हणाली, "ते मी उभी असायचे ते."

"हो."

"तिथे, दगडांवर पण?"

"सगळीकडे."

पिंजऱ्याच्या नळ्यांमधून मला तिच्या चेहऱ्याचा एक तुकडा दिसत होता आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या शेजारच्या रिकाम्या हवेकडे पाहत होती. दोर तिच्या मनगटांवर रुतला होता. पंचाने वेळ पाहिली. इथून मागे उतरलं तर पुन्हा चढायला वेळ नव्हता. उतरणं मला येत होतं. मी म्हटलं, "आई, हळूहळू मागे घेते. तू दोर सैल सोडत राहा."

"थांब जरा."

ती वाकून चिरेत पाहत होती. बराच वेळ पाहत होती, दिवा गेल्यावर फडताळात आगपेटी शोधावी तसं. मग म्हणाली की चीर आत खडबडीत आहे, पायरीसारखी, आणि वर अरुंद होत गेलीय. चाक त्यात पडलेलं नाही, बसलंय.

"मागे नको घेऊस," ती म्हणाली. "दाराकडेच घे. तुमच्या दाराकडे."

मी उजवीकडे वळवलं. चाक चिरेच्या कडेला घासलं, तिथला काळा चुरा उडाला, आणि त्याने दगड धरला. इतक्या वर्षांत म्हातारीवर मला कधी न जाणवलेली गोष्ट खालून हातात आली, कुणीतरी बोट पकडावं तशी. हवेतलं डावं चाक उतरून दगडाला टेकलं. "अजून," आई म्हणाली. "दाराकडे. दाराकडे." प्रत्येक वेळी तो शब्द ती जरा वेगळ्या तऱ्हेने म्हणत होती, नवं भांडं वाजवून पाहावं तसा. आकाश हळूहळू खाली सरकलं. आधी पंचाची टोपी दिसली, मग काकांचा बांधलेला हात, मग म्हातारीच्या खांद्यापलीकडची माती, त्यावरची सुकी झाडं. कासव चारी पायांवर सपाट उभं राहिलं. शिट्टी नंतर वाजली.

वाटेच्या कडेला रोवलेला निशाणाचा एक खांब आम्ही पाडला होता, त्यामुळे गुण कापले गेले आणि आमचा नंबर कुठेच आला नाही. काका डाव्या हाताने डोळे पुसत म्हणाले की त्यांचा हा हातच वाईट, नीट पुसलं जात नाही. आईने दोराचं वेटोळं केलं, आणि जाता जाता म्हातारीच्या पाठीवर तळवा ठेवला. थाप नाही मारली. नुसता ठेवला.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचं ऊन गॅरेजच्या फरशीवर तिरपं पडलं होतं. भांडी खोक्यांत गेलेली, हत्यारं उतरवलेली, भिंतीवर फक्त खिळे आणि त्यांच्या सावल्या. हत्यारांमागचं अंगणाचं दार मला पहिल्यांदाच पूर्ण दिसलं. त्याचा रंग निळा होता.

मी कासव ट्रेलरवरून उतरवून आत घेतलं, नाक आत करून, नेहमीसारखं. इंजिन बंद केलं, पण खाली उतरले नाही. उजव्या हाताला आई चहा ठेवत होती. दार उघडंच होतं, स्टोव्हवरचं पातेलं मला बसल्या जागेवरून दिसत होतं. चहा झाला. तिने दोन कप भरले. मग उघड्या दाराच्या शेजारी, पलीकडून, भिंतीवर दोनदा टकटक केली आणि वाट पाहत उभी राहिली.

मी उतरून तिच्याकडे गेले.