चीजशिवाय

लिंबाच्या सालीवर तिने अंगठ्याचं नख रोवलं तसा एक बारीकसा तुषार उडाला—तो तिला दिसलाही, खिडकीतून येणाऱ्या उन्हात क्षणभर चमकून विरताना—आणि मग ते हिरवं लिंबू नाकाशी धरून तिने डोळे मिटले. थंड. गुळगुळीत. नख लागलं तिथे ओलसर... हे सगळं बोटांना कळत होतं. नाक मात्र नुसतं हवा आत घेत होतं आणि बाहेर सोडत होतं, कशाशीच देणंघेणं नसल्यासारखं.

"बाई, लिंबू हुंगताय? मळमळतंय का?" समोरच्या दांड्याला लोंबकळत तिच्या शाळेच्या व्हॉलीबॉल संघातल्या उलिसेसने विचारलं. मेट्रो गचका देऊन थांबली आणि तो पडता पडता राहिला.

"स्वतःला सांभाळ आधी," ओतिलिया म्हणाली आणि लिंबू पर्सच्या कप्प्यात सारलं. शेजारी उभी असलेली दामारिस त्या कप्प्याकडेच बघत राहिली. ही मुलगी एरवी गप्प बसत नाही—संघाची कप्तान, आणि जीभ अशी की रेफरीसुद्धा तिच्याकडे बघायचं टाळतात—पण कालपासून ती आपल्याकडे निरखून बघते आहे, असं ओतिलियाला उगाचच वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी एक ताप आला आणि गेला, आणि जाताना तिचा वास घेऊन गेला. वासापाठोपाठ चव. खारट, आंबट, तिखट एवढं जिभेला कळायचं, पण ते काही चवीचं कळणं नव्हे. रंगीत फोटोची काळी-पांढरी झेरॉक्स काढावी तसं ते. उत्तरेकडच्या चिवावा प्रांतातल्या त्या लहानशा गावात शाळेत भूगोल शिकवत, घरी येऊन अंदाजाने फोडण्या देत तिने हे दोन वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. नवऱ्याला, फेर्मीनलाही नाही. चाखून बघायची सवयच सुटल्याने एकदा घेवड्यात मीठ दोनदा पडलं. फेर्मीनने ताट चाटूनपुसून संपवलं, मग नळाशी उभं राहून पेल्यावर पेला पाणी प्यायला आणि म्हणाला, आज उकाडा फार आहे. जानेवारी होता. अंगणातली बादली गोठली होती... त्याला कळलं असेल का? मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. असल्या गोष्टी संसारात अशाच राहून जातात, भिंतीला कलंडून ठेवलेल्या आरशासारख्या—उद्या लावू, उद्या लावू.

आणि आता हे राजधानीचं शहर, जिथे ती लहानाची मोठी झाली, लग्न करून उत्तरेला जाईपर्यंत जगली. व्हॉलीबॉलच्या स्पर्धेला ती संघ घेऊन आली होती. संघ पहिल्याच सामन्यात सपाटून हरला, परतीची बस रात्रीची, म्हणजे आख्खा दिवस मोकळा. काल संध्याकाळी हरलेल्या, रुसलेल्या, तिसऱ्यांदा बर्गर खाणाऱ्या पोरांना ती म्हणून गेली होती, उद्या मी तुम्हाला माझ्या आईच्या गल्लीत जेवायला नेते, खरं जेवण, आणि तेही तुमच्या खिशाला परवडेल असं. पोरं खूश झाली. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती तिला रात्रभर टोचत होती. ती पोरांसाठी निघालीच नव्हती. तिची आई गेली त्याला बरीच वर्षं झाली होती; चेहरा फोटोत होता, आवाज कुठे कुठे कानात होता, पण आई म्हणजे मुळात एक वास होता, हाताचा, एप्रनच्या टोकाला पुसलेल्या हाताचा, आणि तो... वास गेला याचं दुःख एकवेळ पचलं असतं. वासाची आठवणही गेली होती. आठवायला जावं तर तिथे नुसती भिंत. आज आईच्या गल्लीतही तो आला नाही, तर पुन्हा लिंबाला नख लावायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

मेट्रोतून उतरून चौकात आल्या आल्या एका हॉटेलाच्या दारातून भल्यामोठ्या टोपीचा वेटर धावत आला आणि त्याने त्यांच्यासमोर फोटोंचं मेन्यूकार्ड उघडलं. दामारिसने किमती पाहिल्या.

"बाई, इथे खुर्चीवर बसायचेच पैसे लावलेत. खायचे वेगळे."

"टोपीचं भाडंही त्यातच असणार," उलिसेस म्हणाला, आणि सगळी पोरं खिदळत पुढे निघाली.

आईची आवडती खानावळ कोपऱ्यावर होती. होती—कारण तिथे आता मोबाइलची कव्हरं विकायला टांगली होती, माळांसारखी, चकचकीत. ओतिलिया त्या दुकानासमोर उभी राहिली. निळा दरवाजा, दारातला कोळशाचा डबा, आत शिरताना अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांना 'जेवण गोड लागो' म्हणायची... हे सगळं तिला दिसत होतं. नुसतं दिसत होतं. पोरं मागे थांबून एकमेकांना ढोसत होती. उलिसेसचं पोट बाहेर ऐकू येईल एवढ्याने गुरगुरलं.

"हरवलो ना आपण?" दामारिस म्हणाली.

"मी या गल्लीत वाढले आहे."

"म्हणजे हरवलो."

रस्त्याच्या टोकाला गुलाबी ताडपत्र्या दिसत होत्या. आठवडी बाजार. तिला हायसं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली, कारण इतक्या टपऱ्यांतून चांगली टपरी निवडायची म्हणजे नाक हवं. आई तर वासावरून सांगायची, याचं तेल कालचं आहे, पुढे चल. ती पोरांना घेऊन ताडपत्र्यांखाली शिरली. गुलाबी उजेडात सगळ्यांचे चेहरे ताप आल्यासारखे दिसत होते. डाव्या हाताला मोठी गर्दी, पण ती टीव्हीपुढची. उजवीकडे स्वच्छ टेबलं, पण जेवणारं कुणीच नाही... मी कशाच्या जोरावर या लेकरांना घेऊन आले आहे? आंधळ्याने वाट दाखवावी तसं चाललं आहे हे. आणि मग तिला ऐकू आलं.

थप्. थप् थप्. थप्.

कुणीतरी भाकरी थापत होतं. यंत्राने दाबून नव्हे, हातावर, एका तळव्यावरून दुसऱ्या तळव्यावर, मधूनच फिरवून घेत. ती त्या आवाजामागे निघाली, बटाट्याच्या ढिगाला वळसा घालून, बुटांच्या दुकानामागून, आणि पोरं तिच्यामागे रांगेने. एका मोठ्या तव्यापुढे एक जाडजूड बाई निळ्या मक्याचं पीठ थापत होती आणि समोर शेजारचा टोमॅटोवाला, पांढऱ्या बुटांतली एक परिचारिका आणि खांद्यावर वायरींचं वेटोळं घेतलेला वायरमन उभ्याउभ्या जेवत होते. टोमॅटोवाला आपला धंदा सोडून इथे जेवतो आहे म्हणजे झालं तर.

"ये गं गोरे, काय देऊ?" तव्यापुढची बाई दामारिसला म्हणाली.

दामारिसने मागे वळून पाहिलं. ती संघात सगळ्यांत सावळी. "मला म्हणाल्या का? बाई, ह्यांना चष्मा द्या कुणीतरी."

"इथे बाजारात सगळ्यांना गोरंच म्हणतात," ओतिलिया हसून म्हणाली. हे कसं पटकन आठवलं!

"ही पेत्रा मावशी," टोमॅटोवाल्याने तोंडात घास घेऊनच ओळख करून दिली.

"मला केसादिया," तव्यावरच्या सारण भरून दुमडलेल्या भाकऱ्यांकडे बोट दाखवत उलिसेस म्हणाला.

"कशाची?"

"कशाची म्हणजे? केसादिया. चार."

"अरे बाळा, भोपळ्याची फुलं आहेत, बटाटा आहे, मक्यावरची काळी बुरशी आहे, पाला घालून परतलेली. कशाची?"

"बुरशी?" उलिसेसने ओतिलियाकडे पाहिलं. तिने मान डोलावली. "बरं, बुरशीची."

"चीज घालून की चीजशिवाय?"

आधी कुणालाच कळलं नाही. मग सगळा संघ एकदम फिस्सकन हसला, आणि दामारिसने कमरेवर हात ठेवले. रेफरीच्या अंगावर जाताना ती अशीच उभी राहायची.

"मावशी, नावातच चीज आहे! केसो म्हणजे चीज, म्हणून केसादिया. चीजशिवाय कशी होईल?"

"कशी म्हणजे? ही अशी," पेत्रा मावशीने तव्यावरची एक उलटून दाखवली. "शिंपला म्हणतात त्या गोड पावात शिंपला निघतो का गं तुझ्या?"

"ते वेगळं!"

"कुठली तुम्ही पोरं?"

"चिवावाची."

"तरीच!" आणि टोमॅटोवाला, परिचारिका, वायरमन सगळे एकदम मान हलवू लागले, एखाद्याचं दुखणं कळल्यावर हलवतात तशी.

ओतिलियाही हसत होती, अगदी पोटातून, स्वतःवरच. कारण पोरांना आधी सांगून ठेवायला हवं होतं, आणि ती ह्याच गल्लीतली मुलगी, वर्षानुवर्षं चीजशिवाय खात वाढलेली, उत्तरेत राहून हे साफ विसरली होती. आतलं चीज गेलं तरी नाव तेच राहतं, आणि कुणी त्याबद्दल रडत बसत नाही. तेवढ्यावरून ती म्हणजे एक... हा विचार तिला इतका खुळचट वाटला की तिने तो पुरा केलाच नाही, पण तो गेलाही नाही.

काळी बुरशी भरलेली निळी गुंडाळी उलिसेसने भीत भीत तोंडात घातली आणि त्याचा चेहरा बदलला.

"कशी आहे?" तिने विचारलं. घाईने विचारलं, जरा जास्तच घाईने. "नीट सांग, चव कशी आहे?"

"मस्त."

"मस्त म्हणजे कशी?"

"मस्त म्हणजे... भारी."

तिने स्वतः एक घास घेतला. गरम. मऊ. जराशी चरचरीत कड. मिरची जिभेला चावली. आणि त्यापलीकडे तीच भिंत. मावशीच्या तव्यावर आता पाला पडत होता, लांब दातेरी पानं, एपासोते, आईने खिडकीतल्या डब्यात लावलेला रानटी पाला, तोच. ती तव्यावर वाकली. वाफ चेहऱ्यावर आली, पापण्या ओल्या झाल्या, बाकी काही नाही. मग नाहीच तर. एवढं सोपं होतं ते कळणं.

"बाई," दामारिस तिच्या कानाशी आली. आवाज खाली. "तुम्हाला वास येत नाही ना?"

ओतिलिया सरळ झाली.

"काल बसमध्ये उलिसेसने बूट काढले," दामारिस म्हणाली. "आख्ख्या बसने खिडक्या उघडल्या. ड्रायव्हरने शिव्या दिल्या. आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसून पुस्तक वाचत होतात. हसतमुखाने."

दोन वर्षं कोंडून ठेवलेला शब्द इतका लहान असेल असं तिला वाटलं नव्हतं. "हो," ती म्हणाली.

दामारिसने अरेरे वगैरे काही म्हटलं नाही. तिने ताटलीतलं एक पान उचललं, चोळलं, नाकाशी नेलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"ई! बाई, याला तर रॉकेलचा वास येतोय. पुदिन्यावर कुणीतरी रॉकेल सांडलंय."

रॉकेल.

पाठीमागे आई बसली आहे, नुकताच खिडकीतला पाला खुडून, आणि वेणी घालते आहे, घट्ट, कपाळ ताणलं जाईल इतकी घट्ट, आणि ओतिलिया, सात-आठ वर्षांची, मान हिसकावून ओरडते आहे: आई, तुझ्या हाताला रॉकेलचा वास येतो! आणि आई मुद्दाम तोच हात तिच्या नाकावर दाबते आहे, हसते आहे, घे, घे, अजून घे... हाच शब्द होता. तिचा स्वतःचाच शब्द. त्या भिंतीला नाकाने ढुशा देत ती दोन वर्षं उभी होती, आणि दार होतं भलत्याच बाजूला. वास आलेला नव्हता, अजूनही नव्हता. पण हात आला होता. कपाळाला ताण जाणवत होता. तिने डोळे पुसले, मिरचीचं निमित्त आयतंच होतं.

"लिंबू आहे का हो?" उलिसेस विचारत होता.

"केसादियावर लिंबू?" पेत्रा मावशीने कपाळाला हात लावला. "चिवावा!"

ओतिलियाने पर्समधलं लिंबू काढलं, नखांच्या खुणांनी भरलेलं, आणि मावशीच्या सुरीने कापून त्याच्या हातावर ठेवलं. रस बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला. बोटांना वास येत असणार, असणारच. तिने हात नाकाशी नेला नाही. पोटात काहीतरी हललं, जुनं, विसरलेलं, आणि ते काय आहे हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला, कारण दोन वर्षं ती घड्याळाकडे बघून जेवत आली होती. तिला भूक लागली होती.

"तुला काय गं गोरे?" मावशीने तिला विचारलं. "फुलांची देऊ? चीज घालून की..."

"चीजशिवाय," ओतिलिया म्हणाली. "आणि पाला जास्त." मग ती दामारिसकडे वळली. "हं, सांग. अजून कसकसले वास येताहेत?"

दामारिसने डोळे मिटले, नाक वर केलं आणि सांगायला लागली.