मधल्या दोन पांढऱ्या पट्ट्या

माझ्या वरच्या कडेला, अकराव्या खुंटीपासून एक चीर निघते. ती चौदा मिलिमीटर लांब आहे. हे मला ठाऊक आहे, कारण शीलाताईंनी ती स्टीलच्या पट्टीने मोजून वहीत लिहून ठेवली. चीर कोणत्या दिवशी पडली तेही वहीत आहे. कोणाच्या हट्टापायी पडली, ते मात्र त्यांनी लिहिले नाही. ते मी सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना ऑटोहार्प आहे. हे नाव तुम्ही बहुधा ऐकले नसेल. मांडीवर मावेल एवढी चपटी लाकडी पेटी, तिच्यावर छत्तीस तारा आणि तारांवर आडव्या पंधरा दांड्या, असे माझे रूप आहे. दांड्यांच्या पोटाला फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे चिकटवलेले असतात. दांडी दाबली की नको त्या तारा मुक्या होतात आणि हव्या तेवढ्याच वाजतात. परदेशातल्या एका कारखान्यात मला शाळकरी मुलांसाठी बनवले. तिथून उल्हासनगरच्या जुन्या सामानाच्या बाजारात मी कसा पोहोचलो ते मला सांगता येणार नाही. तो प्रवास मी बंद खोक्यात केला.

दुकानदाराने मला मिक्सरच्या भांड्यांशेजारी ठेवले होते. "ले जाओ बेटी, जापानी संतूर है," तो म्हणाला. "शोकेस में रखो, घर की शान बढ़ेगी." मी जपानी नाही आणि संतूर तर मुळीच नाही. पण शीलाताई शोकेससाठी वस्तू शोधतच नव्हत्या. त्यांनी एकेक तार बोटाने छेडून, कान लावून ऐकली आणि दिवाळीच्या बोनसमधून मला विकत घेतले. ते वर्ष २००४ होते.

शीलाताई बदलापूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा साहाय्यक. राहणार अंबरनाथच्या. त्यांचे यजमान शिवराम कारखान्यात फिटर आणि गायन पार्टीचे प्रमुख. भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला शहाडपासून खरवईपर्यंत पार्टीला बोलावणे असे. शिवराम हार्मोनियमवर बसत, हरिचंद्र ढोलकीवर आणि शीलाताई मागे, कोरसमध्ये. शिवराम काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गात, म्हणून सगळी पार्टी काळी एकमध्ये गाई.

शीलाताईंनी मला स्वतःच्या रियाजासाठी आणले होते. आठवड्याच्या आत शिवरामांनी मला पार्टीचे वाद्य करून टाकले. माझ्या जाड तारा झिजल्या होत्या. त्यांच्या जागी त्यांनी, गवई मांडीवर घेतात त्या स्वरमंडळाच्या बारीक तारा चढवल्या, त्याही सगळ्या एकाच जाडीच्या. मी स्वरमंडळासारखा दिसतो, एवढेच त्यांनी पाहिले. खर्जाला बारीक तार लावली तर ती लोंबते, फडफडते. ती फडफड जावी म्हणून त्यांनी किल्ली पिळली, पुन्हा पिळली आणि सगळ्या तारा खेचून काळी एकवर नेल्या.

"अहो, जाडी मोजून घेऊया. कॉलेजातून स्क्रूगेज आणते," शीलाताई म्हणाल्या.

"वाद्य कानानं लावतात, शीला. तुझी प्रयोगशाळा कॉलेजात ठेव."

त्या जयंतीला शीलाताईंना बारा वर्षांत प्रथमच एकटीने एक गाणे मिळाले. मुखडा उत्तम झाला. अंतऱ्यात आवाज वर चढला आणि चिरकला. त्याच वेळी माझी अकरावी तार तुटली, खुंटी हलली आणि लाकडाला चीर गेली. समोरचे लोक हसले.

"वहिनी, कंपनीचा भोंगा झाला का?" हरिचंद्राने ढोलकीवरून विचारले. शिवरामांनी माइक आपल्याकडे ओढून घेतला. "कोरस सांभाळ, शीला," एवढेच ते म्हणाले.

माझा संताप आजही शमलेला नाही. तार तुटली तेव्हा दोष माझ्या वयाला दिला. आवाज फुटला तेव्हा दोष बाईच्या गळ्याला दिला. खुंटी पिळणाऱ्या हाताकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर शीलाताईंनी ट्यूनिंग फोर्क काढले आणि मला समोर ठेवून स्वतःचा सा शोधला. तो २५६ कंपनांच्या काट्याच्याही खाली, खालच्या सप्तकातल्या काळी पाचवर आरामात बसला. काळी एक त्या काट्याच्या वर आहे. त्यांनी तोच अंतरा काळी पाचमध्ये म्हटला. आवाज कुठेही चिरकला नाही. रिकाम्या प्रयोगशाळेत त्यांनी तो तीनदा म्हटला. काळी पाच आणि काळी एक यांच्यामध्ये हार्मोनियमवर फक्त दोन पांढऱ्या पट्ट्या आहेत. तेवढ्या अंतरासाठी एका बाईने बारा वर्षे बोलणी खाल्ली. त्यांनी हे वहीत लिहिले. बोलल्या मात्र कोणापाशीच नाहीत.

मग त्यांनी मला उल्हासनगरात अनंता यांच्याकडे नेले. अनंता हार्मोनियम आणि तंबोरे दुरुस्त करतात. त्यांनी माझ्या सगळ्या तारा उतरवल्या, चीर सरस भरून दाबली आणि मार्ग सांगितला.

"वहिनी, ह्याच्यात बाराही सूर आहेत, म्हणून मोकळा हात फिरवला की कालवा होतो. तुमच्या गाण्याला एका पट्टीतले सूर पुरे. सात सूर ठेवू, उरलेल्या तारा त्याच सुरांच्या जोडीला लावू. आवाज दुप्पट भरेल. पण तारा त्या त्या जाडीच्या मागवायला लागतील आणि दांड्यांचे फेल्ट नव्यानं कापायला लागतील. फेल्ट एकदा कापला की कापला. मग हा एकाच पट्टीचा. बोला, कुठली?"

"काळी एक, दुसरी कुठली?" सोबत आलेले शिवराम म्हणाले.

अनंता यांचा एक नियम आहे. वाद्य जो घेऊन येतो, त्याने स्वतः पट्टी सांगायची. मग ती वाद्याच्या पाठीवर खडूने लिहायची. लिहिल्याशिवाय हत्यार उचलायचे नाही. त्यांनी शीलाताईंकडे पाहिले.

"थांबा जरा," शीलाताई म्हणाल्या.

हे 'थांबा जरा' जवळजवळ दोन वर्षे चालले. मी तारांवाचून फळीवर पडून राहिलो, पाठ कोरी. अधूनमधून शीलाताई येत, चीर पाहत आणि परत जात. मी त्यांच्यावरही रागावलो होतो, हे लपवत नाही. उत्तर वहीत तयार असताना माणसाने गप्प का बसावे?

मित्रांनो, वाद्याला फडके मारले, गवसणी घातली, म्हणजे त्याची काळजी घेतली असे समजू नका. तार तुटली तर ताण कोणी दिला ते विचारा. गळा चिरकला तर हसण्याआधी पट्टी तपासा. तपासायला फार वेळ लागत नाही.

बुद्धपौर्णिमा महिन्यावर आली तेव्हा दोघे दुकानात आले. वर्ष २००७.

"अनंता, आता लाव बाबा काळी एक," शिवराम म्हणाले. "सोनिवलीचा कार्यक्रम मोठा आहे."

"वाद्य वहिनींनी आणलंय."

"अरे, ती काय वेगळं सांगणार आहे?"

शीलाताईंनी पर्समधून वही काढली. उघडली नाही, नुसती हातात धरली.

"सांगणार आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? अगं, दुसऱ्या पट्टीत माझा आवाज खाली जाऊन बसेल. मी गायचं कसं?"

"तुमची हार्मोनियम आहे की तुमच्यासाठी. तुमची गाणी तुम्ही काळी एकमध्येच गा. मी नाही म्हणत नाही." त्यांचा आवाज चढला नाही. "हा मी माझ्यासाठी आणला होता. अनंतादादा, खडू घ्या."

अनंता यांनी मला पालथे केले.

"काळी पाच लिहा," शीलाताई म्हणाल्या. "आणि सोनिवलीला पहिलं गाणं मी म्हणणार. एकटी."