दोघांपुरतं माडगं

हुलगे, दोन मुठी. दोन माणसांना पुरतात. तिसरं कुणी आलं तर पाणी वाढवायचं. रतनबाईकडं तिसरं कुणी येत नाही.

तव्यावर खमंग भाजायचे, जात्यावर भरडायचे. गॅस आहे घरात, पण थंडीत चूलच. चुलीनं दोन कामं होतात. माडगं शिजतं, कोकरं शेकतात.

यंदा चुलीपाशी कोकरं नाहीत.

डालं आहे. तुराट्यांचं, शेणानं सारवलेलं, खाली गोणपाट. नवी कोकरं पहिले आठ-दहा दिवस असल्या गारठ्यात उघड्यावर टिकत नाहीत. म्हणून दिवस कलला की घरी आणायची, चुलीजवळ डाल्याखाली झाकायची आणि सकाळी पाजायला आईकडं न्यायची. तलवाड्यात मेंढरं असलेल्या सगळ्या घरांत हेच चालतं. पण नवरा, म्हाळू, म्हणत होता की मेंढ्या व्यायच्या यंदा लांबल्यात. रतनबाई रोज गोणपाट उन्हात टाकत होती आणि संध्याकाळी पुन्हा अंथरत होती.

लसूण चार पाकळ्या. जिरं. मीठ बेतानं.

मीठ बेतानं, कारण तीन वर्षांमागं ती रडली होती तेव्हा माडगं खारट झालं होतं आणि म्हाळूनं ते मुकाट्यानं खाल्लं होतं. तेव्हा असलीच थंडी होती. चूल एकत्र होती. एका आठवड्यात नऊ कोकरं गेली. थोरली जाऊ बायनाबाई चारचौघांत म्हणाली, रतनचा हात लागला की कोकरू थंड पडतं, जिची कूस उजवली न्हाई तिच्या हातात कसली ऊब. थोरला दीर धोंडीराम खाली बघत राहिला. म्हाळूनं देव्हाऱ्यातला भंडारा मुठीत घेतला. म्हणाला, हा शब्द माघारी येईस्तोवर या चुलीचं पाणीसुद्धा पिणार न्हाई. त्याच दिवशी चूल वेगळी झाली. मेंढवाडा तेवढा एकच राहिला, थोरल्याच्या घरामागं. रतनबाई तिकडं जात नसे.

मूल नव्हतं. जमीन नावावर नव्हती. तिच्याजवळ ती मूठ होती, भंडाऱ्याची.

पीठ थंड पाण्यात कालवून आधणात सोडायचं. ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या.

दिवस मावळताना म्हाळू आला. कानाला मफलर, मोबाईलवर आठ अंश. शेकत बसला. बाजरीची अर्धी भाकरी खाल्ली, माडग्याची वाटी तोंडाला लावून खाली ठेवली. चहा लई झाला म्हणाला. काल पण चहाच झाला होता. परवाही. मग गावातलं काहीतरी सांगून हसला, आणि त्याच्या पुढच्या दोन दातांमध्ये एक काळा कण दिसला.

कारळ.

कारळं यंदा रतनबाईच्या घरात आलीच नव्हती. जाडसर कुटलेली, दातांत अडकणारी कारळाची चटणी तिनं एकत्र चुलीवर अकरा वर्षं खाल्ली होती. ती कुणाच्या उखळातली, हे तिला विचारावं लागलं नाही.

मेंढ्यांचं काय म्हणून तिनं विचारलं. न्हाईत अजून, तो म्हणाला. त्याच्या स्वेटरच्या बाहीवर पिवळा चीक वाळला होता. ताज्या व्यालेल्या मेंढीचा.

उरलेलं ढवळता ढवळता हात थांबला. गुठळ्या झाल्या.

(पुन्हा.)

हुलगे, दोन मुठी. भाजले, भरडले, शिजवले. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावर तिनं माडगं किटलीत भरलं, डालं डोक्यावर घेतलं आणि तीन वर्षांनी थोरल्याच्या दारात उभी राहिली.

बायनाबाई भाकरी थापत होती. चुलीच्या अंगाला डालं पालथं, आत चार कोकरं.

बायनाबाई दचकली नाही. बस म्हणाली. रतनबाईनं विचारलं, ही इथं कावून? तर बायनाबाईलाच नवल वाटलं.

"तुला सांगितलं न्हाई व्हय त्यानं? मला वाटलं तूच धाडलीस."

"तुमी मागितली आसतील."

"मी कशाला मागू बाई? त्योच घेऊन आला. म्हणला, वहिनी, तुमच्याच चुलीशी राहू द्या, रिस्क नको." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मी म्हणलं, कसली रिस्क? मंग त्यानंच आठवण करून दिली. आमी तर तो शब्द कवाच इसरलो."

रतनबाई खाली बसली. चुलीजवळचं पालथं डालं उचललं. सगळ्यात बारकं कोकरू मांडीवर घेतलं. त्यानं लगेच तिचं बोट तोंडात धरलं आणि चोखायला लागलं.

म्हाळू तेवढ्यात मागच्या दारानं आला, कोकरं न्यायला. तिला बघितलं.  वाकला, आणि तिच्या मांडीवरचं कोकरू अलगद काढून घेतलं. मग, सवयीनं करतात तसं, त्याचे कान चाचपले. तोंडात बोट घालून बघितलं.

"थंड पडलं का वो?" रतनबाईनं विचारलं.

"तसं न्हाई, रतन."

"मंग बोट काढा."

त्यानं काढलं. बायनाबाईची भाकरी तव्यावर करपायला लागली होती, ती कुणी उलटली नाही.

रतनबाईनं किटली त्याच्या पुढ्यात ठेवली. दोघांपुरतं हाय, ती म्हणाली, कारळाच्या चटणीसंगं खा. आणि आपलं रिकामं डालं घेऊन निघाली.

घरी चूल विझत आली होती. हुलग्याच्या डब्यात हात घालताना ती थांबली. हात बाहेर काढून आपल्याच गालाला लावला.

गार होता. आठ अंश थंडीत कुणाचाही हात गारच असणार.

तरी तिनं दुसरा लावून बघितला.