दोघींच्या अक्षरातली वही

मी एक वही आहे. बुसान बंदराजवळच्या मुलींच्या शाळेत दोन शिक्षिकांनी मला लिहिलं. प्रत्येक पानाच्या एका बाजूला ओकबुनचं कोरियन, पाठीमागे तोकिएचं जपानी.

कोरियावर तेव्हा जपानचं राज्य होतं. तोकिए जपानहून आलेली, वयाने लहान. मधल्या सुट्टीत ओकबुनच्या डब्यातल्या कोबीच्या लोणच्यात हात घालून म्हणायची, "ताई, किमुची झकास झालीय!"

"किमुची नाही गं, किमची! 'म'वर ओठ मीट की. तुम्हा जपान्यांना जिथेतिथे तोंड उघडायची घाई!"

जुळणारे शब्द सापडले की दोघी हरखून जात. वचनाला इकडे याक्सोक, तिकडे याकुसोकु. क्रियापद दोन्हीकडे शेवटी. पण ओकबुन "आमचे बाबा आलेत" म्हणाली की तोकिए हसे. "परक्यांपुढे स्वतःच्याच बापाला अहोजाहो? आम्ही आपलं 'बाप आलाय' म्हणतो."

"आमच्या घरी असं म्हणून बघ. उपाशी निजशील!"

पुढे शाळेत कोरियन शिकवायला बंदी आली. शाळा सुटल्यावर ओकबुन सहा मुलींना माझ्यावरून अक्षरं गिरवायला लावी. दाराशी पहारा तोकिएचाच असे.

कुणीतरी चहाडी केली. मुख्याध्यापकांनी तोकिएला बोलावणं धाडलं. तिने ओकबुनच्या खणातून मला काढलं, स्वतःची बाजू फाडायला घेतली. पण पाठीला ओकबुनचं अक्षर. मग तिने मला तशीच साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"जपानी माझं आहे, साहेब. तिला आपली भाषा शिकवत होते."

"आणि हे कोरियन?"

"ते तिचं. मला त्यातलं अक्षरही कळत नाही."

अक्षरही कळत नाही! माझ्या समासात तिनेच तर ओकबुनच्या कोरियनमधल्या शुद्धलेखनाच्या चुकाही दुरुस्त केल्या होत्या. मी साक्ष द्यायला जन्मले नव्हते. तिने मला साक्षीला उभी केली.

ओकबुनची नोकरी गेली. तीन महिने कोठडी झाली. मी शाळेच्या कपाटात कुलपाआड.

युद्धात जपान हरल्यावर कपाट उघडलं आणि ओकबुनने मला घरी आणलं. मायदेशी जाणारी बोट पकडण्याआधी तोकिए दारात आली. स्वच्छ कोरियनमध्ये म्हणाली, "ताई, चुकले गं मी."

ओकबुनने उत्तर दिलं ते अदबशीर जपानीत, "क्षमा असावी, बाई. आपली ओळख पटली नाही."

दार लागलं. मग ओकबुन भिंतीला टेकून खाली बसली.

माझ्यातलं कोरियन तिने नव्या वहीत उतरवून घेतलंय. मी आता चुलीजवळच्या रद्दीवर पडून आहे. ओकबुन, जाळायचं तर आजच जाळ. रोज उचलायचं, ती दुसरी बाजू वाचायची आणि परत ठेवायचं, हे मला सोसत नाही.